सेंट्रल पार्क (न्यूयॉर्क): एका दिवसात काय धरायचं, काय सोडायचं

पायवाट

उन्हाळा लागला की भारतातून आईबाबा, सासूसासरे येतात आणि "शनिवारी सेंट्रल पार्क उरकायचंय, दोन तास पुरतील ना?" हा प्रश्न इथे दर आठवड्याला नव्याने पडतो. उत्तरं दहा जुन्या धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून हा एकच धागा. सहलीची वर्णनं आणि फोटो दुसरीकडे टाका, इथे फक्त कामाची माहिती.

आधी आकार डोक्यात बसवा. दक्षिणेला ५९ वा रस्ता, उत्तरेला ११० वा. पूर्वेला फिफ्थ ॲव्हेन्यू, पश्चिमेला सेंट्रल पार्क वेस्ट. क्षेत्रफळ ८४३ एकर, लांबी चार किलोमीटर, रुंदी ८०० मीटर. मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण २० ब्लॉक म्हणजे एक मैल, पण तो हिशेब बाहेरच्या फुटपाथचा. पार्काचे रचनाकार ऑल्मस्टेड आणि व्हॉक्स या जोडीने १८५८ च्या आराखड्यात आतल्या वाटा मुद्दाम वळवल्या आहेत, पुढचं दृश्य एकदम दिसू नये म्हणून. त्यामुळे ५९ ते ७२ हे नकाशावर किलोमीटरभर दिसतं आणि पायांना दीड किलोमीटर पडतं.

दोन तासांत होतो तो एक तुकडा. तीन तुकडे धरा:

५९ ते ७२: प्राणिसंग्रहालय, मेरी-गो-राउंड, शीप मेडो (गवताचं मैदान), मॉल (झाडांखालची रुंद वाट, दुकानं नव्हेत), बेथेस्डा कारंजं. पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हाच.

७२ ते ८६: तळं, होड्या, रॅम्बल (दाट झाडीचा भाग), बेल्व्हिडिअर किल्ला, ग्रेट लॉन, मेट संग्रहालयामागचा इजिप्शियन स्तंभ.

९६ ते ११०: कॉन्झर्व्हेटरी गार्डन, हार्लेम मीअर (तळं), उत्तरेचं जंगल.

मधल्या ८६ ते ९६ या भागात मुख्यतः मोठा जलाशय आहे, १०६ एकरांचा. पळणाऱ्यांना आवडतो. बघायला जाणाऱ्यांनी एका काठावर दहा मिनिटं उभं राहावं आणि पुढे सरकावं.

प्रवेश फुकट, वेळ सकाळी ६ ते रात्री १. "स्किप द लाइन" म्हणून कुणी पार्काचं तिकीट विकत असेल तर हसून पुढे जा. प्राणिसंग्रहालयाला मात्र वेगळं तिकीट लागतं.

दिवाबत्ती

चांगला धागा. यात एक भर घालतो, कारण आत गेल्यावर दिशा हमखास हरवते आणि झाडांखाली फोनवरचा निळा ठिपकाही कधी कधी भरकटतो.

दिव्याच्या खांबांवर, साधारण डोळ्यांच्या उंचीला, चार आकडी क्रमांकाची छोटी पट्टी असते. पहिले दोन आकडे म्हणजे तुम्ही कुठल्या रस्त्याच्या समोर आहात ते. शेवटचा आकडा सम असेल तर पूर्वेची बाजू (फिफ्थ ॲव्हेन्यू), विषम असेल तर पश्चिमेची. उदाहरणार्थ ७२१४ दिसलं तर ७२ वा रस्ता, पूर्व बाजू. चालत पुढच्या खांबाशी गेलात आणि पहिले दोन आकडे वाढले तर तुम्ही उत्तरेला चालला आहात.

घोळका फुटला तर "मोठ्या झाडापाशी थांबलोय" असं न सांगता खांबाचा आकडा सांगा. तातडीच्या मदतीसाठी ९११ ला फोन केला तरी हाच आकडा सांगायचा, पार्काच्या पोटात पत्ता नसतो. मुलांना ही खूण आधीच शिकवून ठेवा.

खालचीगाडी

सगळ्यात जास्त घोळ पार्कापर्यंत पोचतानाच होतात, म्हणून जरा सविस्तर.

न्यू जर्सीहून पेन स्टेशनला उतरलात तर ३४ व्या रस्त्यावरून भुयारी रेल्वेची अपटाउन (उत्तरेकडे जाणारी) ए, सी किंवा १ धरा. पोर्ट ऑथॉरिटीला बसने आलात तर ४२ वरून ए किंवा सी. सी ज्या रुळावर येते त्याच रुळावर ई पण येते, आणि ई ५० व्या रस्त्यानंतर पूर्वेला वळून क्वीन्सकडे निघून जाते. निळ्या रंगाची खूण दिसली म्हणून चढायचं नाही, अक्षर वाचायचं.

दुसरा सापळा: ए आणि डी या गाड्या दिवसा ५९ (कोलंबस सर्कल) सुटलं की थेट १२५ व्या रस्त्यावर थांबतात. म्हणजे ७२ ला उतरायचं म्हणून ए मध्ये बसून राहिलात तर अख्खं पार्क जमिनीखालून पार होतं. ७२, ८१, ८६, ९६, १०३, ११० यांपैकी काहीही हवं असेल तर सी किंवा बी. त्यातली बी शनिवार-रविवारी नसते, म्हणून सुट्टीच्या दिवशी फक्त सी, आणि ती निवांत येते.

वरचा तुकडा करायचा असेल तर पेन स्टेशनवरून २ किंवा ३ घ्या. ११० व्या रस्त्याला 'सेंट्रल पार्क नॉर्थ' या स्टेशनवर उतरा, समोरच पार्क, आणि हार्लेम मीअरचं तळं तिथून अगदी जवळ.

लिफ्ट: कोलंबस सर्कलला आहे. ७२ ला सी-बीच्या स्टेशनवर नाही. जिन्यांची अडचण असेल तर कोलंबस सर्कलला उतरून एम१० बस घ्या. ती सेंट्रल पार्क वेस्टने सरळ वर जाते.

शंकासूर

खालचीगाडी, फार उपयोगी. एक प्रश्न. सत्तरीच्या पुढची मंडळी आहेत, गुडघे दुखतात, चढ-जिने नकोत. साधारण दोन तास, मधूनमधून बसायला हवं. कुठून कुठे न्यावं? आणि दमले तर उबर आत येते का?

पायवाट

शंकासूर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बेत त्यावरच ठरतो: नाही. २०१८ च्या जूनपासून आतल्या रस्त्यांवर मोटारी पूर्ण बंद आहेत. बेथेस्डापाशी कुणाचा पाय आखडला तर गाडीसाठी फिफ्थ किंवा सेंट्रल पार्क वेस्ट यांपैकी एका कडेला चालतच यावं लागतं, साधारण ४०० मीटर. म्हणून वयस्कर मंडळींना घेऊन कधीही मध्यापासून उत्तर-दक्षिण लांब जाऊ नका. आडवं जा. रुंदी ८०० मीटरच आहे, आणि दोन्ही टोकांना मोटार, बस मिळते.

मार्ग: टॅक्सीने सेंट्रल पार्क वेस्ट आणि ७२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर उतरा. आत शिरल्याबरोबर स्ट्रॉबेरी फील्ड्स, जॉन लेननच्या स्मरणार्थ १९८५ मध्ये केलेला अडीच एकरांचा शांत भाग. बाकं भरपूर. तिथून ७२ च्या आडव्या रस्त्याने पूर्वेला चालत राहा, सौम्य चढउतार, पूर्ण डांबरी. मधोमध बेथेस्डा टेरेस येते. वरच्या कठड्यावरून कारंजं आणि मागचं तळं दोन्ही दिसतं, खाली उतरण्याची सक्ती नाही.

खाली जायचंच असेल तर मोठे जिने टाळा. आणखी पूर्वेला जाऊन बोटहाउसकडे उतरत्या रस्त्याने जा आणि तिथून तळ्याच्या काठाने कारंज्याकडे वळा. लांब पडतं, पण पायऱ्या लागत नाहीत. स्वच्छतागृह टेरेसपाशी आहे आणि बोटहाउसलाही.

मग मॉल: एल्मच्या झाडांखालची रुंद, सरळ, सपाट वाट, दोन्ही बाजूंना बाकांची रांग. मूळ आराखड्यातली सरळ अशी ही एकच. जमेल तेवढं चालून परत ७२ ला या आणि फिफ्थला बाहेर पडा. वाहतूक फिफ्थवर दक्षिणेकडे एकेरी आहे, हे गाडी बोलावताना लक्षात असू द्या.

कोरीवकाम

पायवाट, कारंज्याबद्दल दोन ओळी तरी हव्या होत्या. मधला देवदूताचा पुतळा एमा स्टेबिन्स या शिल्पकार बाईंचा, १८७३ साली बसवलेला. शहरात क्रोटन नदीचं स्वच्छ पाणी १८४२ मध्ये आलं, त्याची ती आठवण.

आणि जिने उतरता येत असतील तर खालच्या कमानीत जाऊन मान वर करा. छताला १५,००० च्या वर इंग्लंडच्या मिंटन कारखान्याच्या फरशा आहेत. त्यांचा रंग वरून दिलेला नाही, नक्षी मातीतच भरून भाजलेली आहे. अशा फरशा जमिनीवर घालतात, इथे त्या डोक्यावर टांगल्या आहेत. गळती आणि गंज लागल्यामुळे त्या उतरवाव्या लागल्या होत्या, दुरुस्त होऊन २००७ मध्ये परत चढल्या. बहुतेक लोक खाली गाणाऱ्यांचे व्हिडिओ काढतात आणि छत न बघता निघून जातात.

दोन_चाकं

सायकलबद्दल, कारण "सायकलने अख्खं पार्क होतं" हा सल्ला अर्धाच खरा आहे.

पूर्ण चक्कर ६.१ मैल, म्हणजे ९.८ किलोमीटर. दिशा एकेरी, घड्याळाच्या उलट: पूर्वेच्या रस्त्याने वर, पश्चिमेच्या रस्त्याने खाली. मागे काहीतरी राहिलं म्हणून वळून परत येता येत नाही. चुकलात तर पुढच्या आडव्या रस्त्याने (७२ किंवा १०२) ओलांडून पुन्हा फिरून या, किंवा उतरून सायकल हातात धरून पायवाटेने चाला. पायवाटांवर सायकल चालवणं नियमाबाहेर आहे आणि दंड होतो. म्हणजेच बेथेस्डा, रॅम्बल, किल्ला यातलं काहीही सायकलवरून दिसत नाही. दिसतो तो रस्ता आणि झाडं. सुंदर आहे, पण आईबाबांना दाखवायचं ते हे नव्हे.

सिटी बाइकचा (डॉकवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकलींचा) हिशेब: एकेरी फेरी किंवा दिवसाचा पास घेतलात तर एका वेळी ३० मिनिटं, त्यानंतर मिनिटागणिक पैसे. ताशी १२ किलोमीटरने गेलात तरी चकरेला ५० मिनिटं होतात. सायकल परत लावायचे डॉक पार्काच्या बाहेरच्या कडेला असतात, त्यामुळे बाहेर पडून लावून नवी घेण्यात वेळ जातो. चक्करच मारायची असेल तर दुकानातून तासावर घ्या. सिटी बाइक १६ वर्षांखालच्यांना नाही. १४ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट कायद्याने सक्तीचं.

चढ: वायव्य कोपऱ्यातली हार्लेम हिल. ११० ला वळलं की लगेच चढ सुरू होतो आणि गिअर नसलेली सायकल तिथे ढकलावीच लागते. १०२ च्या आडव्या रस्त्याने पश्चिमेला गेलात तर तो टाळता येतो आणि साधारण एक मैल वाचतो.

शंकासूर

आणि त्या सायकलरिक्षा? कोलंबस सर्कलला उतरलं की पाच जण मागे लागतात.

दोन_चाकं

दर मिनिटावर असतो आणि दरपत्रक रिक्षावर लावणं बंधनकारक आहे. तोंडी सांगितलेला आकडा "फक्त सहा डॉलर" असा येतो, तो मिनिटाचा असतो. ४० मिनिटांचे २४० होतात. बसण्याआधी तीन गोष्टी: पत्रकाचा फोटो काढा, किती मिनिटांची फेरी ते ठरवा, टायमर सुरू झालेला बघा. फोटोसाठी थांबल्यावर टायमर चालू राहणार की थांबणार हेही विचारा, भांडण नेमकं तिथे होतं. गुडघेवाल्यांसाठी पर्याय वाईट नाही, फक्त आकडा आधी पक्का हवा.

वल्हं

होड्यांची माहिती. बोटहाउस पूर्व बाजूला, ७४-७५ च्या आसपास. साधारण एप्रिल ते नोव्हेंबर, हवा बरी असेल तरच. दर तासावर, एका होडीत जास्तीत जास्त ४ जण. रोख पैसे जवळ ठेवा. शनिवार-रविवारी दुपारी रांग लांबते, उघडल्या उघडल्या गेलात तर लगेच मिळते.

वल्हवणं पहिल्यांदाच करणारे तीन चुका करतात. पहिली, तोंड पुढे करून बसतात. वल्हवणाऱ्याची पाठ जायच्या दिशेला असते. पुढचं दिसत नाही, म्हणून समोर बसलेल्याने डावं-उजवं सांगायचं, आणि ते वल्हवणाऱ्याच्या हाताप्रमाणे. दुसरी, वल्हं खोल खुपसतात. पातं जेमतेम बुडेल एवढंच पाण्यात हवं. खोल गेलं की पाणी ते धरून ठेवतं, होडी पुढे सरकते आणि दांडा उलटून छातीवर बसतो. तिसरी, वळताना दोन्ही वल्ही जोरात मारतात. वळायला एकच ओढा, दुसरं पाण्यात स्थिर धरा. डाव्या हाताचं ओढलं की होडी तुमच्या उजव्या हाताकडे वळते. बो ब्रिजखाली सगळे एकाच वेळी फोटोसाठी थांबतात, तिथे वल्ही आत ओढून घ्या.

तळ्यात असताना जागा बदलू नका. आणि उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग दिसला, पाटी लागली असली, तर मुलांना हात बुडवू देऊ नका. ते शेवाळ विषारी असू शकतं.

गोटीसोडा

मुलांचं राहिलं. वय ४ ते १० असेल तर बाकी काही न करता ६० ते ६६ एवढ्यातच दिवस जातो.

हेक्शर प्लेग्राउंड (६१ ते ६३) पार्कातल्या २१ प्लेग्राउंडांपैकी सगळ्यात मोठं. पलीकडे अंपायर रॉक, मुलं चढतात तो काळा खडक. त्यावर लांबच लांब खोबणी दिसतात, त्या हिमनदीने दगड घासत नेल्याच्या. ओला असेल तर चढू देऊ नका, अभ्रकामुळे निसरडा होतो. सोबत मूल नसेल तर मोठ्यांना प्लेग्राउंडमध्ये बसायला परवानगी नाही. आजोबांना "तुम्ही आत बसा, आम्ही आलोच" म्हणून एकटं सोडू नका.

मेरी-गो-राउंड ६४-६५ ला, मधोमध. घोडे ५७, सगळे हाताने कोरलेले, १९०८ चे. हे यंत्र आधी कोनी आयलंडला होतं, इथे १९५१ मध्ये आलं. बाहेरच्या रांगेतले घोडे सगळ्यात मोठे. आतल्यांचा वेग कमी, म्हणून घाबरणाऱ्या मुलाला आत बसवा.

प्राणिसंग्रहालय ६४ आणि फिफ्थ. साडेसहा एकरांचं, हत्ती-वाघांची अपेक्षा ठेवून जाऊ नका. मधल्या हौदातल्या सी लायनना खाऊ घालण्याची वेळ फाटकावर विचारून त्याभोवती बाकीचं बसवा. फुकटात हवं असेल तर बाहेरच्या कमानीवरचं घड्याळ: दर अर्ध्या तासाला सूर वाजतात आणि कांस्याचे प्राणी गोल फिरतात.

हिवाळ्यात वॉलमन रिंक. स्केटचे बूट भाड्याने मिळतात. लोक दोनदोन मोजे घालतात, ते चूक. एकच मोजा, घोट्याच्या वर येणारा. नाडी बोटांपाशी सैल आणि घोट्यापाशी आवळून. घोटा आत कलंडतो तो बहुतेक वेळा तिथे सैल राहिल्याने. हातमोजे सक्तीचे समजा.

डबापार्टी

मंडळाचे पंचवीसएक जण एकत्र डबे घेऊन बसायचं म्हणतोय. शीप मेडो चालेल का?

पायवाट

२० पेक्षा जास्त माणसं म्हणजे शहराच्या उद्यान खात्याचा परवाना लागतो. महिनाभर आधी अर्ज करा. त्यापेक्षा सोपं म्हणजे दोन वेगळे गट, वेगळ्या जागी. पण एकाच जागी दोन सतरंज्या टाकून "आम्ही वेगळे" म्हणू नका, रेंजर मोजतात.

शीप मेडो १५ एकर, १९३४ पर्यंत तिथे खरोखर मेंढ्या चरत. आता ते साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उघडं असतं, तेही हवा कोरडी असेल तर. कुंपणावर लाल झेंडा म्हणजे बंद. आदल्या रात्री पाऊस पडला तर सकाळी लख्ख ऊन असूनही झेंडा असू शकतो, कारण ओल्या मातीवर हजार पावलं पडली की गवताची मुळं गुदमरतात. याच कारणाने खाली प्लॅस्टिकची ताडपत्री चालत नाही. सुती चादर किंवा सतरंजी आणा. क्रिकेट, फुटबॉल तिथे नाही. स्पीकर, दारू, शेगडी नाही. सिगारेट तर अख्ख्या पार्कात नाही. खारींना पोळीचा तुकडा टाकणंही नियमाबाहेर आहे.

पिण्याच्या पाण्याचे नळ हिवाळ्यात बंद करतात, नाहीतर पाइप फुटतात. थंडीत पाणी घरून.

उत्तरायण

सगळे ७२ च्या खालीच का अडकलेत? दुसऱ्यांदा जाणाऱ्यांनी सरळ ११० ला उतरावं. गर्दी निम्म्याहून कमी.

फिफ्थ आणि १०५ ला व्हँडरबिल्टचं लोखंडी फाटक, आत सहा एकरांची कॉन्झर्व्हेटरी गार्डन. तीन भाग: मधे इटालियन, उत्तरेला फ्रेंच, दक्षिणेला इंग्लिश. वसंतात फ्रेंच भागात ट्युलिप, पानगळीत तिथेच शेवंती. हिला स्वतःचं फाटक आणि स्वतःची वेळ आहे, सकाळी ८ ला उघडते आणि संध्याकाळी लवकर बंद होते. पार्क रात्री १ पर्यंत उघडं म्हणून सातला पोचलात तर ऋतूप्रमाणे कुलूप दिसू शकतं.

तिथून मीअरच्या काठाने पश्चिमेला. काठावरचं डेव्हिस सेंटर २०२५ मध्ये उघडलं: उन्हाळ्यात पोहण्याचा तलाव, हिवाळ्यात बर्फाची रिंक. शहराच्या सार्वजनिक तलावांवर स्वतःचं कुलूप आणि खरा पोहण्याचा पोशाख लागतो. हाफ पँटवर सोडत नाहीत, बाबांना आधी सांगून ठेवा.

मग ओढ्याच्या काठाने जंगलात शिरा. हडलस्टोन कमान जरूर बघा: प्रचंड दगड चुन्याशिवाय एकमेकांवर नुसते तोलून उभे आहेत आणि वरून रस्ता जातो. ओढ्यातले धबधबे दिसतात नैसर्गिक, पण पाणी शहराच्या पिण्याच्या पाइपातून सोडलेलं आहे. पावसानंतर इथली वाट चिखलाची. चपला नकोत.

खारूताई

पक्षी बघणाऱ्यांसाठी रॅम्बल, मेचे पहिले दोन आठवडे, सकाळी ७ ते ९. अटलांटिक किनाऱ्याने उत्तरेला जाणारे पक्षी रात्रभर उडून पहाटे उतरायला जागा शोधतात, आणि मैलोन् मैल सिमेंटमध्ये त्यांना हिरवा ठिपका एकच दिसतो. दक्षिणेकडून वारा असलेल्या रात्रीनंतरची सकाळ निवडा. सकाळी ९ पर्यंत पार्कात कुत्री मोकळी सोडण्याची मुभा असते, भिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. रॅम्बलमध्ये मात्र ती साखळीतच हवीत.

शंकासूर

सर्वांचे आभार. शेवटचं: नातवाची बाबागाडी जलाशयाभोवतीच्या वाटेवर चालेल का?

दिवाबत्ती

वरच्या पळण्याच्या वाटेवर नाही, ती १.५८ मैलांची वाट फक्त पायांसाठी आहे. तिच्याच खालून रुंद घोडवाट जाते, तिथे चालेल. मोठ्या चाकांची गाडी असेल तर बरी, खाली मातीच आहे. एप्रिलमध्ये चेरी फुललेली असते तेव्हा फुलं खालूनही तितकीच दिसतात.